रोषणाई हप्त्यावर आणि शिक्षण उधारीवर?

दसरा संपतो न संपतो तोच इस्लामपूरच्या बाजारपेठेत आकाशकंदील लटकू लागतात. तिथून पुढे बुद्धपौर्णिमेपर्यंत आपल्या वस्तीतल्या घराला उसंत म्हणून मिळत नाही. १४ ऑक्टोबरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, दिवाळी, पाडवा, भाऊबीज, ६ डिसेंबरचे अभिवादन, २५ डिसेंबर, १ जानेवारीचे भीमा कोरेगाव, ३ जानेवारीची सावित्रीमाईंची जयंती, ७ फेब्रुवारीची रमाईंची जयंती, त्यात लग्नसराई, आणि शेवटी १४ एप्रिल. प्रत्येक दिवशी काहीतरी घ्यायचे असते, काहीतरी द्यायचे असते, काहीतरी सजवायचे असते. आणि मग येतो जून महिना. शाळा-कॉलेजच्या प्रवेशाचा महिना. तेव्हा घरात पैसा नसतो. असतो तो फक्त चालू हप्ता.

या लेखाचा मुद्दा एवढाच आहे. रोषणाई हप्त्यावर आणि मुलीचे शिक्षण उधारीवर, हा उलटा हिशेब आपण कुठवर चालवणार?

हा प्रश्न विचारला की आपलेच मित्र दोन बाजूंनी अंगावर येतात. एक म्हणतो, 'अहो, दिवाळी आपली नाहीच, विषय संपला.' दुसरा म्हणतो, 'सगळं जग सण करतंय, आमच्याच आनंदावर का डोळा?' दोघांचेही ऐकून घ्यायला पाहिजे, कारण दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण दोघांच्याही बोलण्याने फायनान्सवाल्याचा हप्ता थांबत नाही.

आधी एक खोटा आरोप फेटाळूया

'ही माणसं उधळपट्टी करतात म्हणून गरीब राहतात,' हे वाक्य आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो. गावातला सावकार हेच म्हणायचा, इंग्रज साहेब हेच म्हणायचा आणि आज एसी ऑफिसात बसलेला बचतीचा सल्लागारही हेच म्हणतो. हे वाक्य खोटे आहे.

१८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. सुप्याला सुरुवात झाली आणि कर्जखते जाळली गेली. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. तेव्हाही सगळीकडे हीच बोंब होती की कुणबी लग्नकार्यात आणि सणात पैसा उडवतो म्हणून कर्जात बुडतो. पण आयोगाने उलटे नोंदवले. लग्नाच्या आणि सणाच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे आणि शेतकऱ्याच्या कर्जाचे मूळ क्वचितच तिथे असते, असा त्याचा निष्कर्ष होता. सरकारी आयोगानेसुद्धा हे मान्य केले, हे लक्षात ठेवा.

आपले दारिद्र्य आकाशकंदिलातून आलेले नाही. ते जमीन नसण्यातून आले, वतनाच्या गुलामीतून आले, शिक्षणाची दारे बंद ठेवण्यातून आले. उद्या वस्तीतल्या सगळ्या घरांनी एकही पणती लावली नाही तरी कुणाच्या नावावर अर्धा एकर जमीन होणार नाही. म्हणून या लेखात काटकसरीचा उपदेश नाही. इथे प्रश्न डावपेचाचा आहे. आपल्या हातात जो थोडा पैसा येतो तो चळवळीच्या आणि पुढच्या पिढीच्या कामी लावायचा, की ज्यांनी आपल्याला कायम देणेकरी ठेवले त्यांच्याच गल्ल्यात परत टाकायचा?

आपल्या नटण्यालाही इतिहास आहे

आपली माणसे सणाला जास्त खर्च का करतात, हे समजून न घेता त्यांना नावे ठेवणे हा अन्याय आहे.

बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन'मध्ये १९३६ साली दोन घटना नोंदवल्या. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावात तीर्थयात्रेहून आलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्याच जातभाईंना जेवण दिले आणि जेवणात तूप वाढले. तेवढ्यावरून काठ्या घेतलेला जमाव आला आणि पंगत उधळली. गुन्हा काय, तर अस्पृश्याने तूप खाल्ले. दुसरी घटना १९२८ची, इंदूर भागातली. तिथल्या बलाई समाजाला सवर्णांनी फर्मान काढले की जरीकाठी पागोटे घालायचे नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत.

आपल्याकडे काय वेगळे होते? सणाच्या दिवशी येसकराने दारोदार फिरून भाकरी मागायची, उरलेसुरले पदरात घ्यायचे. गावाच्या सणात आपला वाटा म्हणजे दुसऱ्याच्या ताटातले उष्टे. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ला मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले ते या गुलामीच्या मुळावर घाव घालायला.

ज्याच्या आजोबाने सणाला शिळी पोळी मागून आणली, त्याच्या नातवाला दिवाळीत मुलांना कोरे कपडे घ्यावेसे वाटतात. ज्याच्या पंजीला काठापदराचे लुगडे नेसू दिले नाही, तिच्या पणतीला लग्नात शालू हवा असतो. यात वेडेपणा कसला? हा हक्काचा दावा आहे. १४ एप्रिलला निळ्या रोषणाईने न्हालेली वस्ती हे सुद्धा एक विधान असते, की आम्ही आहोत आणि आम्ही लपून राहणार नाही.

गरीब माणूस सणावर खर्च करतो हे जगभरचे वास्तव आहे. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी २००७ सालच्या लेखात राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातल्या अत्यंत गरीब कुटुंबांचा हिशेब दिला आहे. तिथले मधल्या पातळीवरचे कुटुंब वर्षाच्या खर्चापैकी सुमारे १० टक्के सण-समारंभांवर खर्च करत होते. पोट भरलेले नसतानाही माणसाला चारचौघांत माणूस म्हणून उभे राहायचे असते.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की तो स्वाभिमान आता कुणीतरी आपल्याला हप्त्यावर विकतो आहे.

बाजाराची दिवाळी कुणाच्या पैशाने ठरते?

वाळवा तालुका हा उसाचा तालुका. साखराळ्याचा राजारामबापू कारखाना, वाळव्याचा हुतात्मा कारखाना यांच्या भोवती इथले अर्थकारण फिरते. दिवाळीच्या तोंडावर उसाच्या बिलाचा शेवटचा हप्ता निघतो, कामगारांचा बोनस होतो, सभासदाला सवलतीच्या दरात साखर मिळते. दुकानदार माल भरतो तो या पैशाकडे बघून. काचेत लावलेले कपडे, टीव्ही, मोबाइल, गाड्या, सगळ्यांचा अंदाज ऊस बिलावर बांधलेला असतो.

आता आपल्या वस्तीत या. किती घरांच्या नावावर ऊस आहे? किती जण कारखान्याचे सभासद आहेत? बहुतेक घरांचे पोट रोजंदारीवर, गवंड्याच्या हाताखाली, दुकानातल्या नोकरीवर, भांगलणीवर चालते. आपल्याकडे बिल निघत नाही, बोनस होत नाही. पण बाजार एकच आहे आणि मुलांची शाळाही एकच आहे. शेजारच्या बाकावरच्या पोराने नवा ड्रेस घातला की आपल्या पोरालाही तो हवा असतो. ज्याच्या बागायतीला बिल मिळाले त्याच्या मापाने ज्याला फक्त हजेरी मिळते त्याने दिवाळी करायची. मधली फट कोण भरतो? बचत गटाचे कर्ज, मायक्रोफायनान्स, मोबाइलवरचे कर्जाचे अ‍ॅप, नाहीतर गावातला शेकड्याने पैसे देणारा.

साधा हिशेब करू. समजा एका घराने दिवाळीला १०,००० रुपये महिना शेकडा ५ ने घेतले. महिन्याचे व्याज ५०० रुपये. मुद्दल जमले नाही आणि नुसते व्याज देत राहिलो तर पुढच्या दिवाळीपर्यंत ६,००० रुपये गेले आणि १०,००० डोक्यावर तसेच. म्हणजे वर्षाला ६० टक्के. या ६,००० रुपयांत कुणाचाही कपडा आला नाही, कुणाचे तोंड गोड झाले नाही. सणाला आपण जे खर्च करतो त्यातला सगळ्यात वाया जाणारा पैसा कंदिलाचा नसतो, तो व्याजाचा असतो. म्हणून कात्री लावायची तर पहिली इथे लावा.

ज्यांच्या गळ्याला हप्ता आधीच लागला आहे त्यांनी दोन गोष्टी माहीत करून घ्या. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे आणि तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहाय्यक निबंधकाकडे करता येते. मायक्रोफायनान्ससाठी रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२पासून लागू आहेत. घराच्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत आणि वसुलीवाल्याने सकाळी ९च्या आधी, संध्याकाळी ६च्या नंतर फोन करू नये की दारात येऊ नये. दारात येऊन बायाबापड्यांना शिव्या देणाऱ्याला हे नियम तोंडावर सांगणारा एक तरी कार्यकर्ता प्रत्येक वस्तीत तयार पाहिजे.

ही वाट आपल्याला नवी नाही

काही जण म्हणतात, कमी खर्चाचे समारंभ म्हणजे आधुनिक फॅड. अजिबात नाही. ही आपली जुनी वाट आहे आणि तिचा एक फाटा या तालुक्यातूनच जातो.

जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ला सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला. भट नाही, मानपान नाही, हुंडा नाही. जो थोडा खर्च होता तो सावित्रीमाईंनी केला. बरोबर ५४ वर्षांनी, २५ डिसेंबर १९२७ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. समारंभासाठी भट लागत नाही हे फुल्यांनी दाखवले आणि भटाला अधिकार देणारा ग्रंथच बाबासाहेबांनी आगीत घातला. दोन्ही घटनांची मिळून एक परंपरा होते.

१९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालले. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग साताऱ्यातच होता. या चळवळीचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील याच तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे आणि मूळचे सत्यशोधक विचारांचे. प्रतिसरकारने सावकारांना चाप लावला आणि त्याच बरोबर कमी खर्चाची लग्ने लावली. त्यांना 'गांधी लग्न' म्हणत. नाव काही असो, आपण नावावर अडून बसायचे कारण नाही. हुंडा नाही, वाजंत्री-मानपानाचा डामडौल नाही, ही पद्धत सत्यशोधकीच होती. आणि मुख्य म्हणजे सावकाराला आवरणे आणि समारंभाचा खर्च तोडणे ही दोन कामे त्यांनी एकत्र केली. एक केल्याशिवाय दुसरे टिकत नाही, एवढी समज त्या माणसांना होती.

त्याच्याही मागे जा. राजगृहाच्या सिगाल नावाच्या गृहस्थाला तथागतांनी जो उपदेश केला तो सिगालोवाद सुत्तात आहे. त्यात कमाईचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्यात, आणि चौथा अडीअडचणीसाठी ठेवून द्यायचा. बघा, उपभोगाचा भाग वगळलेला नाही. बुद्धाने गृहस्थाला उपाशी राहायला सांगितले नाही. त्याच सुत्तात संपत्ती गळून जाण्याची सहा भोके सांगितली आहेत आणि त्यात दारू-जुगाराबरोबर तमाशे-जलशांच्या मागे धावत राहणे हेही आहे. अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगताना त्यातले एक सुख कर्ज नसण्याचे सांगितले. अनण सुख. आपण रोज पंचशील म्हणतो, पण अनण सुख हा शब्द किती विहारांत उच्चारला जातो?

सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा आपल्या महाराष्ट्रात, सोपारा परिसरात १९५६ साली सापडला. ज्या वर्षी आपण धम्मात आलो तेच वर्ष. त्या लेखाचा आशय असा, की लोक आजारपणात, लग्नात, बाळ जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना प्रकारची मंगलकार्ये करतात, पण त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे दास-सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे, प्राणिमात्रांविषयी संयम बाळगणे. घराची सजावट म्हणजे काय, याचे उत्तर २२०० वर्षांहून अधिक काळापूर्वी दगडावर कोरून ठेवले आहे.

दिवाळी मुळात बौद्धांचा दीपदानोत्सव होती की नाही, यावर आपल्याकडे दरवर्षी वाद रंगतो. वाद जरूर करा, पुरावे मांडा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात लक्ष्मीपूजन बसत नाही, हे मात्र वादाच्या पलीकडचे आहे. पण पणती कुठल्याही नावाने लावली तरी व्याज तेवढेच पडते, हेही विसरू नका.

भेट कशाला म्हणायचे?

भेटीचे आजचे रूप काय? ड्रायफ्रूटचा डबा एका घरातून दुसऱ्या घरात, तिथून तिसऱ्या घरात फिरतो आणि शेवटी ज्याने दिला त्याच्याकडेच परत येतो. सोनपापडीवर तर एवढे विनोद झाले की ती खाण्याची वस्तू आहे हे लोक विसरले. लग्नात टॉवेल-टोपी, फेटे, आहेराच्या साड्या. ती साडी कुणी नेसत नाही, ती फक्त पुढच्या लग्नात फिरवली जाते. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९९३ साली ख्रिसमसच्या भेटींचा अभ्यास केला. भेट घेणाऱ्याच्या लेखी वस्तूची किंमत, देणाऱ्याने मोजलेल्या पैशापेक्षा दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी भरते, असे त्याला आढळले. अमेरिकेला परवडत असेल, आपल्याला हे गळणे परवडत नाही.

त्यातही एक भेट अशी आहे जी केवळ महाग नाही, तर आपल्या विचारांच्या विरोधात आहे. पहिला दिवाळसण आणि धोंड्याच्या महिन्यातले जावयाचे वाण. जावई म्हणजे देव, त्याला अंगठी, कपडे, चांदीचे ताट. बापाने मुलगी दिली, वर दरवर्षी खंडणीही द्यायची! ही रीत स्त्रीला खालचे आणि मुलाच्या बाजूला वरचे समजण्यावर उभी आहे. ज्या बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्यांच्या अनुयायाने कर्ज काढून दिवाळसण करायचा? तरुण मित्रांनो, हे बंद करणे सासऱ्याच्या हातात नाही, ते जावयाच्या हातात आहे. 'मामा, मला काही नको. तो पैसा धाकटीच्या कॉलेजला लावा,' एवढे एक वाक्य जावयाने बोलायचे आहे.

आता खऱ्या भेटीचे उदाहरण घ्या. शाळकरी भीमराव परीक्षा पास झाला म्हणून समाजाने सत्काराची सभा घेतली. त्या सभेला आलेल्या कृष्णाजी अर्जुन केळुस्करांनी त्या मुलाच्या हातात आपण लिहिलेले बुद्धाचे चरित्र ठेवले. एक पुस्तक! त्या भेटीने बाबासाहेबांना बुद्धाची वाट दाखवली, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 'मूकनायक'साठी २,५०० रुपयांची मदत केली आणि ३१ जानेवारी १९२०ला मुक्या समाजाला आवाज मिळाला. भेट अशी असावी की घेणारा तिच्यामुळे पुढे जाईल.

म्हणून भाऊबीजेला बहिणीला साडीच हवी, असे काही नाही. तिची नर्सिंगच्या फॉर्मची फी भरा. पुतण्याला पोलीस भरतीच्या तयारीचे बूट घ्या. भाचीला वर्षभराच्या अभ्यासिकेची फी द्या. ज्याला हे जमत नाही त्याने एक पुस्तक द्यावे आणि ते वाचून झाल्यावर त्यावर बोलायला बसावे. आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याने रिकाम्या हाताने ताठ मानेने यावे, त्याला ताटावर पहिला मान द्यावा. ही शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात महत्त्वाची.

सजावट : पोरांकडून शिका

आपल्या सांगली-सातारा भागात दिवाळीला पोरे मातीचा किल्ला करतात. दगड, माती, फुटक्या विटा, पोते, वर पेरलेले अळीव. खर्च जवळजवळ शून्य, आणि आठ दिवस सगळी गल्ली एकत्र. आता तयार किल्ला आणि रंगीत पुतळ्यांचा संच विकत मिळतो आणि गल्ली आपापल्या घरात मोबाइल बघत बसते. कंदिलाचेही तसेच. कामट्या, घोटीव कागद आणि खळ एवढ्यात पंचशील रंगांचा कंदील होतो. विहारात एक दुपार पोरांना बसवा, पन्नास कंदील तयार होतील. त्या दुपारी पोरांना त्या रंगांचा अर्थ सांगा. बाजारातला प्लास्टिकचा कंदील हे काम करत नाही.

मोठ्यांची सजावट मात्र महागडी झाली आहे. फ्लेक्सवर बाबासाहेब वर कोपऱ्यात बोटाएवढे आणि खाली शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे. दुसऱ्या दिवशी तोच फ्लेक्स गोठ्यावर झाकण म्हणून. डीजेचे तर विचारूच नका. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. ती मोडून आपण ऐकवतो काय? याच तालुक्यातल्या वाटेगावात १ ऑगस्ट १९२०ला अण्णाभाऊ साठे जन्मले. चालत मुंबई गाठणाऱ्या, शाळेत दीड दिवस गेलेल्या या माणसाने 'फकिरा' लिहिली आणि ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. त्यांच्या जयंतीला लागणाऱ्या डीजेच्या भाड्यात त्यांच्या पुस्तकांचे किती संच आले असते, हा हिशेब प्रत्येक मंडळाने एकदा कागदावर मांडावा.

यावर एक रास्त आक्षेप येतो. 'त्यांच्या मिरवणुका दणक्यात निघतात, आपणच गप्प बसायचं का?' नाही, गप्प बसायचे नाही. मिरवणूक निघालीच पाहिजे. रस्त्यावरचा आपला हक्क आपण मोठी किंमत देऊन मिळवला आहे. पण आपली ताकद आवाजाच्या भिंतीत कधीच नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात लाखो माणसे जमली ती पांढरी वस्त्रे नेसून. त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा, एवढाच सोहळा. देशातला हा सगळ्यात मोठा बदल घडला तेव्हा त्याला ना लायटिंगची गरज पडली, ना शुभेच्छुकांची.

दुसरा आक्षेप त्याहून गंभीर आहे. 'खर्च बंद केला तर हलगीवाला, फुलवाला, मांडववाला, रंगारी यांच्या पोटाचं काय?' हे बरोबर आहे, कारण यातली बरीच माणसे आपलीच किंवा आपल्यासारख्याच जातींतली आहेत. म्हणून कात्रीचा क्रम ठरवा. आधी व्याज तोडा. मग डीजे आणि फ्लेक्स तोडा, कारण तो पैसा वस्तीबाहेर जातो. मग दिखाऊ आहेर तोडा. हलगीवाल्याची सुपारी सगळ्यात शेवटी, आणि शक्य असेल तर तोडूच नका, उलट वाढवा. कापडावर हाताने बाबासाहेब रंगवणाऱ्या पोराला काम द्या. तो कापडी फलक दहा वर्षे चालेल.

मग करायचे काय?

नुसती टीका करून आपण मोकळे होतो, ही आपली जुनी खोड आहे. म्हणून वस्तीत बसून ठरवण्यासारख्या पाच गोष्टी मांडतो.

पहिली : सणासाठी कर्ज काढायचे नाही. मूल आजारी पडले, घर गळले, फी भरायची आहे, यासाठी कर्ज समजू शकते. सणासाठी नाही. ज्या घरात सणापुरता पैसा नाही त्या घराचा फराळ वस्तीने मिळून करावा आणि त्याचा कुठेही उच्चार करू नये.

दुसरी : जून निधी. समजा वस्तीत ६० घरे आहेत आणि प्रत्येक घराने या सगळ्या हंगामातून १,००० रुपये बाजूला काढले. ६०,००० रुपये झाले. जूनमध्ये सहा मुलामुलींना प्रत्येकी १०,००० रुपये बिनव्याजी द्यायचे. आपल्या मुलांची खरी अडचण ही असते की शिष्यवृत्ती मंजूर होते, पण पैसा उशिरा येतो आणि कॉलेज फी आधी मागते. ही मधली दरी निधीने भरायची आणि शिष्यवृत्तीचे पैसे आले की मुलाने रक्कम परत करायची. पैसा फिरता राहतो, संपत नाही. आपल्याकडे भिशी चालवणाऱ्या बाया हे काम आपल्या पुढाऱ्यांपेक्षा चोख करतील. चाव्या त्यांच्याच हातात द्या.

तिसरी : जयंतीच्या वर्गणीचे चार भाग. सिगालोवादातली वाटणी मंडळाला लावा. एक भाग उत्सवाला, मनमुराद. दोन भाग अभ्यासिका, पुस्तके, स्पर्धा परीक्षेची तयारी, कायदेशीर मदत यांना. चौथा अडीअडचणीला राखीव. उत्सव बंद होत नाही, फक्त त्याचे माप ठरते.

चौथी : हिशेब उघडा. खाते बँकेत, दोन सह्या, त्यातली एक बाईची, आणि दर पौर्णिमेला विहारात जमाखर्च मोठ्याने वाचायचा. वर्गणी मागताना आपला आवाज मोठा असतो, हिशेब देतानाही तो तेवढाच असावा. निम्मी भांडणे इथेच मिटतील.

पाचवी : सजावटीचे सामाईक भांडार. कापडी पंचशील ध्वज, निळ्या पताका, दिव्यांच्या माळा, फलक एकदाच घ्यायचे, विहारात जपून ठेवायचे आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत, लग्नापासून नामकरणापर्यंत सगळ्यांनी वापरायचे. मग कुणाचे घर श्रीमंत आणि कुणाचे गरीब, हे निदान सजावटीवरून कळणार नाही.

आणि एक खबरदारी. यातले काहीही जबरदस्तीने करू नका. ज्या म्हातारीने आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर भांगलण केली तिने दारात दोन पणत्या लावल्या म्हणून तिला भर विहारात बोलणारा कार्यकर्ता चळवळीचे नुकसान करतो. दंड, बहिष्कार, टोमणे ही जातपंचायतीची हत्यारे आहेत, ती त्यांच्याकडेच राहू द्या. बोलायचेच असेल तर आधी मंडळाच्या अध्यक्षाला बोला, गाडीवर निळा दिवा लावून फिरणाऱ्या पुढाऱ्याला बोला, कर्ज काढून पोराचा वाढदिवस डीजेवर करणाऱ्या शिकलेल्या नोकरदाराला बोला. सुधारणेची सुरुवात ज्याच्याकडे थोडे जास्त आहे त्याने करायची असते. ज्याच्याकडे कमी आहे तो बघून आपोआप मोकळा होतो, कारण त्याला तर तो खर्च नकोच होता, त्याला फक्त कमीपणा नको होता.

बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकत होते तेव्हा पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तके जमवली. इकडे रमाई काटकसरीने घर चालवत होत्या. त्या पुस्तकांतून पुढे काय उभे राहिले ते आपण रोज अनुभवतो. मत देतो, शिकतो, नोकरी करतो, हा लेख वाचतो. त्यांनी जे साठवले ते आपल्यासाठी खर्च केले. आपण जे खर्च करतो त्यातले पुढच्यांसाठी काय साठते?

यंदा कंदील जरूर लावा. पोरांच्या हातचा लावा, कर्जाशिवाय लावा. आणि जूनमध्ये आपल्या वस्तीतली एकही मुलगी फीसाठी परत फिरणार नाही, याचा ठराव येत्या पौर्णिमेलाच विहारात करून टाका.

जयभीम! नमो बुद्धाय! जय संविधान!